तेवा ते ताबूत : एका शब्दाचा प्रवास

ताबूत हा शब्द मराठी मुसलमानाला शिकवावा लागत नाही. मोहरमचा चाँद दिसला की सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत बांबूच्या कामट्या तासल्या जातात, रंगीत कागद चिकटवले जातात आणि ताबूत उभे राहतात. कडेगावचे उंच ताबूत पाहायला तर दूरदूरची माणसे जातात. उर्दूत मात्र ताबूत म्हणजे मयताची पेटी. कुरआन समजून वाचणाऱ्याला हाच शब्द आणखी दोन ठिकाणी भेटतो. एका ठिकाणी त्यात तान्हे मूल आहे, दुसऱ्या ठिकाणी त्यात बनी इस्राईलची पवित्र ठेव आहे. कागदाचा डोला, मयताची पेटी, बाळाची पेटी आणि पवित्र पेटी, या चार गोष्टी एका शब्दात कशा आल्या? या प्रश्नाचा माग काढत आम्ही मागे मागे जात राहिलो आणि हिब्रू (इब्रानी) भाषेतल्या एका दुर्मिळ शब्दापाशी येऊन पोहोचलो. तो शब्द म्हणजे 'तेवा'.

'तेवा' हिब्रू बायबलात एकूण २८ वेळा आला आहे. आकडा मोठा वाटला तरी तो शब्द प्रत्यक्षात दोनच कथांत येतो. २६ वेळा तो हजरत नूह (अ.) यांच्या तारवासाठी आहे आणि २ वेळा हजरत मूसा (अ.) यांना ज्या पेटीत ठेवून नदीत सोडले त्या पेटीसाठी. तिसरी जागा नाही. समुद्रावर चालणाऱ्या जहाजासाठी हिब्रूत 'ओनिया' हा नेहमीचा शब्द आहे. 'सफीना' या आपल्या ओळखीच्या अरबी शब्दाचा सख्खा भाऊ 'सेफीना' हाही हिब्रू बायबलात एकदाच येतो, पण तो हजरत यूनुस (अ.) यांच्या गोष्टीत. कुरआनात नूह यांच्या नौकेला 'फुल्क' म्हटले आहे, 'सफीना' म्हटले आहे, फळ्या आणि खिळ्यांची म्हणून तिचे वर्णनही केले आहे. तौरातने मात्र जहाजाचे सगळे शब्द बाजूला ठेवले आणि नूह यांना 'तेवा' बांधायला लावली. तेवा म्हणजे पेटी.

हा फरक किरकोळ नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात तेवाची मापे दिली आहेत : ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, आत तीन मजले. लाकूड 'गोफेर'चे, आणि हा शब्द साऱ्या बायबलात तिथे एकदाच येतो. इतका बारीक तपशील देणाऱ्या त्या वर्णनात शीड नाही, वल्हे नाही, सुकाणू नाही. दारसुद्धा नूह यांनी लावले नाही, देवाने बाहेरून बंद केले असे तिथे लिहिले आहे. आत बसलेल्यांना दिशा ठरवण्याची सोय नव्हती. जहाज माणूस चालवतो. पेटी पाण्यावर नुसती तरंगते आणि पाणी नेईल तिकडे जाते. ज्याला जहाज चालवायचे आहे त्याला दिशा माहीत असावी लागते. ज्याला पेटीत बसायचे आहे त्याच्यापाशी भरवसा असावा लागतो. एवढा अर्थ त्या एका शब्दाच्या निवडीत आहे.

दुसरी तेवा याहून वेगळी. बनी इस्राईलच्या घरी जन्मलेला प्रत्येक मुलगा नदीत टाकावा असा फिरऔनचा हुकूम होता. मूसांच्या आईने तीन महिने बाळ लपवले. लपवणे अशक्य झाले तेव्हा तिने लव्हाळ्याची एक पेटी घेतली, डांबर आणि राळ लावून ती बुजवली, बाळ आत ठेवले आणि नदीकाठच्या गवतात सोडून दिले. इथे मापे नाहीत, मजले नाहीत, वरून आलेला नकाशा नाही. पहिली तेवा एका पैगंबराने उघड्यावर, लोकांची चेष्टा सोसून बांधली. दुसरी एका बाईने चोरून, घाबऱ्या हातांनी सिद्ध केली. तरी तौरातने दोन्हींना एकच नाव दिले. भाष्यकार यावरूनच म्हणत आले आहेत की हा शब्द मुद्दाम राखून ठेवलेला आहे. पहिल्या पेटीत सारी मानवजात वाचली, दुसऱ्या पेटीत एक कौम वाचली. एका कौमेला वाचवणे हे सारी दुनिया वाचवण्याइतकेच मोठे काम आहे आणि एका आईची टोपली नूह यांच्या तारवापेक्षा लहान नाही, असे त्या शब्दाचे सांगणे आहे.

दोन्ही पेट्यांना डांबर लावले आहे. नूह यांच्या कथेत त्या डांबराचे नाव 'कोफेर'. या अर्थाने हाही शब्द तिथे एकदाच येतो. त्याचे धातू क-फ-र, अर्थ झाकणे. आपल्या कानाला हे ओळखीचे वाटेल, कारण अरबीतही क-फ-र म्हणजे झाकणेच. गुनाह झाकणारा तो 'कफ्फारा', सत्य झाकणारा तो 'काफिर', आणि सूरह हदीदमध्ये बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यांनाही 'कुफ्फार' म्हटले आहे. यहुद्यांचा 'योम किप्पूर' हा प्रायश्चित्ताचा दिवसही याच धातूचा. जो शब्द आज माणसामाणसांत भिंत घालायला वापरला जातो, त्याच्याच घराण्यातला एक शब्द तारवाच्या फटी बुजवून आतल्या जिवांना वाचवत होता.

अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले यहुदी भाष्यकार राशी यांनी मूसांच्या पेटीविषयी एक गोड गोष्ट नोंदवली आहे. डांबर फक्त बाहेरून लावले होते, आतून चिखलाचा हात फिरवला होता, कारण त्या नेक बाळाच्या नाकाला डांबराचा उग्र वास जाऊ नये. आईचे मन ओळखणारे हे भाष्य आहे.

पेटीत घालून नदीत सोडलेल्या बाळाची कथा इतरत्रही सापडते. अक्कडचा राजा सरगोन याची आख्यायिका अशीच आहे. त्याच्या आईने त्याला वेताच्या टोपलीत ठेवून डांबराने झाकण बंद केले होते. आपल्या देशात महाभारतातला कर्ण मंजूषेत घालून अश्वनदीत सोडला गेला. पण त्या दोन्ही कथांत आई आपली अब्रू किंवा आपले गुपित जपते आहे. मूसांची आई बाळाला राजाच्या हुकमापासून जपते आहे. तिची पेटी म्हणजे जुलमाविरुद्ध केलेली पहिली, बिनआवाजी बगावत होय.

'तेवा' मूळ कुठला? बहुतेक अभ्यासक तो प्राचीन मिसरच्या भाषेतला मानतात. तिथे त्याच्याशी मिळताजुळता शब्द पेटी, संदूक आणि शवपेटी या अर्थांनी होता. मूसांची कथा मिसरमध्येच घडते, तेव्हा हे सयुक्तिक वाटते. प्रलयाची कथा मात्र इराकच्या मातीतली आहे. १८७२ च्या डिसेंबरात जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये बाबिलोनच्या मातीच्या विटेवरची प्रलयकथा वाचून दाखवली तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. पुढे २०१४ साली ब्रिटिश म्यूझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीची आणखी एक वीट प्रसिद्ध केली. तिच्यातले तारू गोल, टोपलीसारखे विणलेले आणि डांबराने लिंपलेले आहे. म्हणजे नूह यांचे तारू आणि मूसांची टोपली ही दोन चित्रे आपल्याला वाटतात तितकी एकमेकांपासून लांब नव्हती.

भाषांतरांत मात्र या शब्दाचे हाल झाले. ग्रीक भाषांतरकारांनी नूह यांच्या तेवाला एक शब्द दिला आणि मूसांच्या तेवाला दुसरा. लॅटिनमध्येही तेच झाले, 'आर्का' वेगळी आणि टोपली वेगळी. मार्टिन ल्यूथरने जर्मन भाषांतरात एकीला पेटी आणि दुसरीला लहान पेटी म्हणून नाते थोडेफार राखले. मराठी बायबलात नूह यांचे 'तारू' आहे आणि मूसांचा 'पेटारा' आहे. दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण एकापाशी उभे राहिले की दुसरा दिसत नाही. शिवाय हिब्रूत जी पवित्र पेटी बनी इस्राईल खांद्यावर वाहत, तिचे नाव तेवा नाहीच, 'आरोन' आहे. हजरत यूसुफ (अ.) यांच्या शवपेटीलाही तिथे 'आरोन'च म्हटले आहे.

आता कुरआनाकडे येऊ. 'ताबूत' कुरआनात दोनदा येतो. सूरह ताहाच्या ३९ व्या आयतीत मूसांच्या आईला हुकूम होतो की बाळाला ताबुतात ठेव आणि ताबूत 'यम्म'मध्ये सोड. सूरह बकराच्या २४८ व्या आयतीत तालूतच्या बादशाहीची निशाणी म्हणून ताबूत परत येतो. त्यात रबची 'सकीना' आहे, मूसा आणि हारून यांच्या घराण्याची शिल्लक ठेव आहे आणि फरिश्ते तो वाहून आणतात. हिब्रूत जे दोन शब्द होते, तेवा आणि आरोन, त्या दोघांचे काम कुरआनात एकटा ताबूत करतो. 'यम्म' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. हिब्रूत समुद्राला 'याम' म्हणतात. कुरआनात 'यम्म' आठ वेळा येतो आणि आठही वेळा मूसांच्याच कथेत. ज्या यम्मने बाळाला तारले, त्याच यम्मने पुढे फिरऔनला बुडवले.

वर्गात हा भाग समजावून देताना एका मुलीने आम्हाला विचारले होते, "ताबूत तो मुर्दे का होता है ना? फिर बच्चे को उसमें क्यों रखा?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्या आईपुढे तरी दुसरे काय होते? ती बाळाला जिथे ठेवत होती ती जागा कबरच होऊ शकत होती. नूह यांच्या बंद पेटीकडे पाहणाऱ्यांनाही ती कबरच वाटली असेल. नूह यांचा मुलगा तिच्यात बसला नाही, डोंगरावर जाऊन वाचेन म्हणाला आणि बुडाला. हे सूरह हूदमध्ये आहे, तौरातमध्ये नाही. वाचवणारी वस्तू आणि मयताची वस्तू एकाच नावाची असावी यात विसंगती नाही. मयतालाही आपण कुणाच्या तरी भरवशावरच सोपवतो.

या शब्दाने इस्लामच्या इतिहासातही एक जागा मिळवली आहे. तिर्मिजीच्या संग्रहात रिवायत आहे की हजरत उस्मान (र.) यांच्या काळात कुरआनाच्या प्रती लिहिल्या जात असताना याच शब्दाच्या लिखावटीवर मतभेद झाला. मदिनेचे हजरत जैद बिन साबित (र.) म्हणाले, 'ताबूह' लिहा. कुरैशी मंडळी म्हणाली, 'ताबूत' लिहा. वाद उस्मानांपाशी गेला आणि कुरआन कुरैशच्या बोलीत उतरला आहे म्हणून 'ताबूत' कायम झाला. हिब्रू 'तेवा'च्या अखेरीलाही 'ह'च लिहितात, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. हे जैद म्हणजे तेच, ज्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी यहुद्यांची लिपी शिकून घ्यायला सांगितले आणि ज्यांनी ती पंधरवड्यात शिकली. कुरआन एकत्र करण्याचे काम ज्यांच्या हातून झाले, त्यांना शेजारच्या कौमेची लिपी वाचता येत होती.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. हिब्रू शब्दाचे नाव काढले की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पॅलेस्टाईनमध्ये जे घडत आले आहे त्याचे दुःख प्रत्येक संवेदनशील माणसाला आहे, आम्हालाही आहे. पण राज्यकर्त्यांचा जुलूम आणि एका प्राचीन भाषेचे इल्म या दोन गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत. फिरऔनचा हिशेब वेगळा आणि मिसरच्या भाषेचा वेगळा.

परभाषेचे शब्द कुरआनात आहेत की नाहीत, ही चर्चा आपल्या आलिमांनी फार पूर्वी केली आहे. इमाम शाफई (र.) यांना हे मान्य नव्हते. अबू उबैद यांनी मधला मार्ग काढला. ते म्हणाले, शब्द बाहेरून आले खरे, पण अरबांनी आधीच ते आपले केले होते, म्हणून दोन्ही बाजू खऱ्या. इमाम सुयूती (निधन १५०५) यांनी तर अशा शब्दांवर स्वतंत्र किताब लिहिली. जमख्शरी यांनी 'ताबूत' अरबीच मानला आणि त्याचे नाते 'तौबा'च्या धातूशी, म्हणजे परतण्याशी जोडले. पेटीतून काढलेली वस्तू पुन्हा तिथेच परत येते, म्हणून ती ताबूत. व्युत्पत्ती म्हणून आज हे कुणी स्वीकारत नाही, पण अर्थ म्हणून सुरेख आहे, कारण मूसासुद्धा त्या पेटीतून आईच्याच कुशीत परत आले. पुढे आर्थर जेफरी यांनी कुरआनातील परकीय शब्दांचा कोश केला, तो १९३८ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने गायकवाडांच्या ग्रंथमालेत छापला. मराठी राजाच्या संस्थानातून कुरआनाच्या शब्दांवरचा ग्रंथ निघावा, हा योग छोटा नाही.

काही पंडितांच्या मते 'ताबूत' अरबीत हबशाहून आला. तिथल्या चर्चच्या भाषेत 'ताबोत' आहे. इथिओपियाच्या प्रत्येक जुन्या चर्चमध्ये एक ताबोत असतो, तो पडद्याआड ठेवतात. जानेवारीच्या १९ तारखेच्या सुमारास येणाऱ्या तिमकतच्या सणाला तो कापडात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, मिरवणुकीने पाण्यापाशी नेतात. १८६८ साली इंग्रजांनी मकदलाचा किल्ला घेतला आणि तिथली लूट नेली. तिच्यातले ११ ताबोत ब्रिटिश म्यूझियममध्ये पोहोचले. त्या स्वारीचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती होता आणि फौजेची जमवाजमव मुंबईतच झाली होती. त्याच लुटीतला एक ताबोत एडिंबरोच्या एका चर्चमध्ये सापडला, तो २००२ मध्ये इथिओपियाला परत दिला गेला.

आपल्या कोकणातही 'तेवा' आहे. अलिबागजवळच्या नौगाव किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे बेने इस्राईल सांगत आले. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, ते यांच्यासाठीच. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. या सिनेगॉगमध्ये मधोमध जो उंच कठडा असतो, जिथे उभे राहून तौरात वाचतात, त्याचे नाव 'तेवा'. पाण्यातून वाचलेल्यांनी प्रार्थनेच्या जागी पेटी उभी केली. ती मशीद कुणाची, असा प्रश्न तेव्हाच्या मुंबईकराला पडला नाही.

शेवटी आपला ताबूत. मोल्सवर्थच्या मराठी कोशात तो आहे आणि गावच्या बोलीत तो त्याआधीपासून आहे. इमाम हुसैन (र.) यांच्या शहादतीची आठवण म्हणून तो उठतो आणि दहाव्या दिवशी पाण्यापाशी जाऊन थंड होतो. ज्यांना करबलात पाणी मिळाले नाही, त्यांचा ताबूत पाण्याला भेटतो. पुण्यात १८९३ पर्यंत हिंदूही मोठ्या संख्येने या मिरवणुकीत असत. त्या वर्षी मुंबईत दंगल झाली, १८९४ मध्ये पुण्यात ताबुतांवर बहिष्काराचे आवाहन झाले आणि सार्वजनिक गणेशोत्सव पुढे आला. तरी कितीतरी गावांत ताबुताला खांदा देणारा हात आजही बिगरमुस्लिमाचा असतो. दुसरीकडे आपल्यातलेच काही जण ताबुताला बिदअत म्हणतात. शरीयतचा निवाडा आलिम करतील, तो आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे शब्दापुरते आहे. ताबूत उठो वा न उठो, तो शब्द परका म्हणून टाकून देण्याची घाई कुणी करू नये, ना मराठी शुद्ध करणाऱ्यांनी, ना दीन शुद्ध करणाऱ्यांनी.

'तेवा'चा आणखी एक अर्थ सांगायचा राहिला. बायबलनंतरच्या हिब्रूत तेवा म्हणजे 'शब्द', कागदावर लिहिलेला एक सुटा शब्द. अक्षरे ज्यात ठेवली ती पेटी. यहुदी सूफींनी यावरून उपदेश केला की नूहला 'तेवात शिर' असा हुकूम झाला, म्हणजे प्रार्थना करताना शब्दाच्या आत शिर, तो वरवर उच्चारू नकोस.

आमच्या विद्यार्थ्यांना उर्दू येते, मराठी येते, अरबीची अक्षरे येतात. मिसर, इराक, हबशा, मक्का-मदिना आणि कोकण पाहून आलेला एक शब्द त्यांच्या तोंडी रोजचा आहे. त्याच्या आत नूह यांचे तारू आहे, एका आईचे धाडस आहे, बनी इस्राईलची सकीना आहे आणि करबलाचे दुःख आहे. इतके सामान घेऊन तो हजारो वर्षे बुडाला नाही, कारण प्रत्येक किनाऱ्यावर त्याला कुणीतरी बाहेर काढले आणि आपला म्हटले. मूसांच्या पेटीला तर खुद्द फिरऔनच्या घरातल्या बाईने हात दिला होता.